तिकडची

अक्का, आता तिकडच्या तुम्ही झालात.

हे वाक्य मला तुमच्या तेराव्याला सुचलं. शेवटची पंगत उठली होती, मी केळीची पानं गोळा करत होते, आणि मला हसू फुटलं. सून पद्मा बाळाला खांद्यावर टाकून दारात उभी होती. तिने विचारलं, "का हसता अम्मा?" मी म्हटलं, "काही नाही गे." एवढंच मला येतं. कोणी काही विचारलं की काही नाही म्हणायचं. म्हणून हे लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही तमिळ. ही बाळबोध अक्षरं माझ्या अप्पांनी भजनाच्या वहीवरून गिरवून घेतली होती. मला असं लिहिता येतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

तेराव्याला सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. मी रडत नाही हे पाहून तुमच्या चुलत बहीण चंपाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "रड गे, मोकळी हो. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती अक्का." मी हात सोडवून घेतला आणि पाण्याचा तांब्या भरायला गेले. माझं नाव! अक्का, पस्तीस वर्षांत माझं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत.

लग्न होऊन मी ह्या दारात आले त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "नाव काय गे तुझं?" मी म्हटलं, "तुळसा." तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. भिंतीवर तुमच्या आईचा फोटो होता, नुकताच हार घातलेला. सासू मी फोटोतच पाहिली. तिचंही नाव तुळसाबाई, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हे नाव ह्या घरात एकीचंच. तुला हाक मारली तर आईला दरडावल्यासारखं होईल. ते माझ्याने होणार नाही." भटजी म्हणाले, दुसरं एखादं ठेवा. तुम्ही म्हणालात, "ठेवू सावकाश." ते सावकाश आजवर पुरलं. तुमच्या भावांनाही, म्हणजे आमच्या ह्यांनाही, आईच्या नावाने बायकोला हाक मारता येईना. ते "अगे" म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारातून तुमचा आवाज आला, "तिकडची उठली का?"

तिकडची म्हणजे कुठली? सुंदरपेरुमाळ कोयिलची. कुंभकोणमहून आगगाडीने अर्धा तासही लागत नाही. तेच काविरीचं पाणी, तीच भाताची शेतं, तेच आपले मराठी लोक. पण तुम्ही असं म्हणायचात की जणू मी समुद्रापलीकडून आले. गाव म्हणजे कुंभकोणम, बाकीचं सगळं तिकडे. तंजावर तिकडे, मद्रास तिकडे, महाराष्ट्र तर फारच तिकडे. पुण्याचे कोणी पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" तुम्ही म्हणालात, "कुंभकोणम." ते म्हणाले, "हो, पण त्याच्या आधीचं?" तुम्ही म्हणालात, "त्याच्या आधी काय असणार?" त्या दिवशी मात्र मला तुमचा अभिमान वाटला होता. चेहरे बघण्यासारखे झाले होते त्यांचे.

पण तोच अभिमान माझ्या पाठीवर छडीसारखा बसायचा. पानाचा देठ मी खुडला तर, "कुंभकोणममध्ये असा खुडत नाहीत." डांगर पचडीत मोहरी जरा जास्त तडतडली तर, "तिकडे चालत असेल." कळशी घासून उन्हात पालथी घातली तर ती उचलून तुम्ही पुन्हा घासायचात, मी बघत असताना. दारापुढे मी काढलेली रांगोळी तुम्ही पायाने पुसून नव्याने काढलीत, ते शेजारणीने पाहिलं. ती मला म्हणाली, "मनावर घेऊ नको." मनावर घेऊ नको म्हणजे कुठे ठेवू, हे तिने सांगितलं नाही.

माझे अप्पा वांगी घेऊन आले होते, आठवतं? पहाटे तोडलेली, काटेरी देठांची, टोपलीभर. तुम्ही त्यांच्यासमोर ती टोपली घंगाळात ओतलीत. "भिजू दे. तिकडची धूळ जाऊ दे." अप्पा हसले. म्हणाले, "धूळ नाही अक्का, माती आहे. धुतली की जाते." पुन्हा ते कधी काही घेऊन आले नाहीत. हात हलवत यायचे आणि ओट्यावर बसूनच जायचे. ते गेल्यावर तुळसा म्हणणारं माणूस मला उरलं नाही.

एकदा रेशनच्या दुकानात कार्डं वरखाली झाली, म्हणून माणूस नाव घेऊन हाका मारत होता. "तुळसाबाय! तुळसाबाय!" मी आपली उभी. मनात म्हटलं, सासूबाईंना कोण हाका मारतंय? तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा मागची बाई म्हणाली, "अहो, त्या आलेल्याच दिसत नाहीत." मी म्हटलं, "हो, आल्या नाहीत." आणि मग कळलं. लोक हसले. तुम्ही माझ्या शेजारी पिशवी धरून उभ्या होतात. तुम्हाला ठाऊक होतं तो कोणाला बोलावतोय ते. तरी गप्प राहिलात.

मुलांची नावंही तुम्हीच ठेवलीत. आपल्यात बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, तुमचा हक्कच होता तो. मुलगी झाली तेव्हा मी धीर करून म्हटलं होतं, "सुंदरा ठेवायचं का?" तुम्ही म्हणालात, "फलाटावरच्या पाटीचं नाव पोरीला? उद्या मुलगा झाला की त्याचं पेरुमाळ कोयिल ठेव!" सगळ्या बायका हसल्या. मग तुम्ही पाळण्यात वाकून काहीतरी पुटपुटलात आणि सरळ झालात. माझ्या मुलीचं नाव मला बाकीच्यांबरोबर कळलं. मंगळा. गावच्या देवीचं. मुलगा झाला तो सारंगपाणी, गावच्या देवाचा. नावं वाईट नाहीत. पण बाळंतिणीला विचारायचं असतं हे तुमच्या मनातच आलं नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. मंगळा बारावी झाली तेव्हा तुमचे भाऊ म्हणाले, पुरे. मी गप्प होते, नेहमीसारखी. तुम्ही विळीवरून उठलात, हाताला नारळाचा कीस तसाच. म्हणालात, "ही कुंभकोणमची मुलगी आहे. तिकडच्यांसारखी चौथीवर थांबायची नाही." आणि स्वतः तिला घेऊन कॉलेजात गेलात. आज मंगळा कोइमतूरला मोठ्या कंपनीत आहे, ती त्या एका वाक्याने. त्या वाक्यात मला मारलेली चापटही होती. दोन्ही मी घेतलं. आभार मानावे तर गाल चुरचुरतो, आणि रागवावं तर मुलगी समोर उभी राहते.

आणि ती शेवग्याच्या पाल्याची दुपार. आपण दोघी मागच्या पडवीत पाला निवडत होतो. तुम्ही कधी बोलत नव्हतात तुमच्या लग्नाबद्दल. मद्रासला दिली होती आणि दोन वर्षांत परत आली, इतकंच सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पाला ओरबाडता ओरबाडता तुम्ही म्हणालात, "तिथे मला कुंभकोणम म्हणायचे. नाव घेत नव्हते. कुंभकोणम, ताट वाढ. कुंभकोणम, दिवा लाव. सासू हसायची. मी म्हटलं, म्हणा. माझं गाव मी खाली पडू देणार नाही." एवढं बोलून पुढची फांदी ओढलीत. माझे हात थांबले. मला वाटलं, आता. आता ह्या बाईच्या लक्षात येईल. एवढा वेळ मी तुमच्याकडे बघत बसले की तुम्ही वर पाहिलंत. म्हणालात, "काड्या राहिल्या बघ. नीट निवड, तिकडचे."

ह्यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं. रोज म्हणायची, आज बोलेन. भात उतरला की बोलेन, सण होऊ दे मग बोलेन. भांडण मनात इतकं तयार होतं की तुमची उत्तरंही मला पाठ झाली होती.

आणि मग झटका आला आणि तुमची वाचाच गेली.

उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, एक शब्द तेवढा राहिला. देवाचं नाव राहिलं नाही, कुंभकोणमही राहिलं नाही. राहिलं ते "तिकडची". पाणी हवं, तिकडची. कूस वळव, तिकडची. डास चावला, तिकडची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, फार सवयीचा शब्द मागे राहतो. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती जीव गे तुझ्यावर! तुझ्याशिवाय तोंडात काही नाही." मी काही नाही म्हणून आत जायची. चौदा महिने तुम्हाला भरवलं, पुसलं, नखं कापली, पाठीला जखम होऊ दिली नाही. प्रेमाने केलं असं तुम्ही तरी समजू नका. घरातलं काम होतं, ते करायचं होतं, आणि ते करणारी मी होते. रसमभात मात्र कुंभकोणमच्या पद्धतीनेच कालवला. तुम्हाला कळत होतं की नाही, माहीत नाही.

एक दिवस मी वाईट वागले. घरात कोणी नव्हतं. तुम्ही पाण्यासाठी हाका मारत होतात आणि मी भांडं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मुद्दाम. तुमची जीभ कोरडी पडलेली दिसत होती. मग मी जवळ आले, तुमच्या तोंडाशी वाकले आणि म्हटलं, "तुळसा म्हणा. मग देते. तु-ळ-सा." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. ओठ जुळवलेत. सुटले, पुन्हा जुळवलेत. आणि तुम्ही म्हणालात, "आई."

त्या एका वेळेपुरता दुसरा शब्द आला तुम्हाला. मग मी पाणी दिलं. सगळं पदरावर सांडलं. ते तुमच्या डोळ्यांतून येत होतं की भांड्यातून, मी पाहिलं नाही.

माझा राग त्याने गेला असं नाही. उलट वाढला. म्हणजे शेवटीही नाव मला मिळालं नाहीच, फोटोतल्या बाईलाच गेलं.

आता ह्या बाळाचं. सारंगच्या लग्नात, भर मांडवात तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ह्याला पहिली मुलगी झाली की तुळसा. आईचं नाव घरात परत आलं पाहिजे." मी अक्षतांचं ताट घेऊन तुमच्या बाजूला उभी होते. घरात परत आलं पाहिजे म्हणे! मग तितकी वर्षं मी कुठे होते? मुलगी झाली तेव्हा तुम्ही अंथरुणात होतात. बारसं ठरलं तेवढ्यात तुम्ही गेलात, सुतक आलं, पुढे ढकललं. येत्या शुक्रवारी आहे. चंपाबाई दोनदा सांगून गेल्या, अक्काची शेवटची इच्छा आहे म्हणून. सारंग म्हणतो, "पाट्टीचं नाव आहे अम्मा, छानच आहे." पाट्टी म्हणजे त्याची आजी, फोटोतली. ती माझंही नाव घेऊन बसली आहे, हे माझ्या मुलाच्या डोक्यात येत नाही, कारण त्याने ते कधी ऐकलंच नाही. म्हणजे आता दिवसभर ह्या घरात हाका होतील, तुळसा ये, तुळसा जेव, तुळसा नीज. आणि मी त्याच घरात अगे, अम्मा, तिकडची.

काल मंगळाचा फोन आला. आत्या तीच. म्हणाली, "अम्मा, मी कानात काय सांगू? तू म्हणशील ते सांगते." मी म्हटलं, "काही नाही गे. तुम्ही ठरवा." फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

*

काल बारसं झालं, अक्का. हात अजून दुखतो आहे पोळ्या लाटून, पण लिहिते.

पाळणा बाहेरच्या खोलीत लावला होता, तुमच्या आईच्या फोटोखालीच. बायका जमल्या. चंपाबाई पाळण्याच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या, तुमची जागा घेतल्यासारख्या. मंगळा वाकली तशी त्या म्हणाल्या, "सांग गे. तुळसा. अक्काचा आत्मा शांत होऊ दे." मंगळाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पानसुपारीचं ताट धरून उभी होते.

"नको," मी म्हटलं. कोणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं तर ते इतकं मोठ्याने आलं की बाळ दचकलं.

"काय नको? पान?" चंपाबाईंनी विचारलं.

"तुळसा नको. तुळसा मी आहे."

"आता हे काय नवीन काढलंस? अक्काच्या आईचं नाव आहे ते."

"माझंही आहे. माझ्या आईअप्पांनी ठेवलेलं."

तुमचे भाऊ खुर्चीतून "तु..." एवढं म्हणाले आणि खोकू लागले.

चंपाबाई हुशार. त्या जरा थांबल्या आणि एकदम हसल्या. "अय्यो, मग तर चांगलंच झालं! एका नावात दोघीही आल्या. अक्काही खूश, तूही खूश."

सारंगही म्हणाला, "हो अम्मा, तुझंही नाव होईल ना."

खरं सांगू? मला ते गोड वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला नुसतं सेरी, बरं, एवढंच म्हणायचं होतं. नाव मिळत होतं. मी ताट खाली ठेवलं. तेव्हा पद्मा दिसली. पाळण्याची दोरी धरून खाली बघत होती, पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत. ते बघणं मला ओळखीचं होतं. महिनाभर घरात ह्या नावाची चर्चा चालली होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. तुमचं सोडा, मीसुद्धा नाही. मीही माझंच नाव कवटाळून बसले होते.

मी म्हटलं, "पद्मा, तुझ्या मनात काय आहे गे?"

ती म्हणाली, "काही नाही अम्मा."

"काही नाही असं नसतं. सांग."

तिने पाळण्याची दोरी सोडली. मग ती इतक्या हळू बोलली की मंगळाला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "नीला."

"नीला?" चंपाबाई म्हणाल्या. "कोणाचं नाव गे हे? कोणाच्या घराण्यातलं?"

पद्मा म्हणाली, "कोणाचंच नाही. मला आवडतं."

मंगळाने आणखी कोणी काही बोलायच्या आत वाकून बाळाच्या कानात सांगून टाकलं. मग पाठीवर बुक्क्या बसल्या तिच्या, हसणं झालं, घुगऱ्या वाटल्या. चंपाबाईंनी घुगऱ्या घेतल्या, पण चव घेऊन म्हणाल्या की मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

जाताना दारात चपला घालत त्या मला म्हणाल्या, "अक्का असती तर हे चाललं नसतं."

मी म्हटलं, "नसतंच चाललं."

ते मी चंपाबाईंना चिडवायला म्हटलं नव्हतं. भांडी आवरताना तेच डोक्यात घोळत राहिलं. तुम्ही असता, अगदी अंथरुणात असता, आतून एकदा "तिकडची" अशी हाक आली असती, तरी मी ताट घेऊन आत निघून गेले असते आणि मुलीचं नाव तुळसा पडलं असतं. पद्मा अंगठ्याने फरशी दाबत राहिली असती. मी तिला काही सांगितलंही नसतं, कारण तसंच असतं असं मला वाटलं असतं.

तेव्हा तुम्ही गेलात हे बरं झालं, अक्का. सकाळपासून हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं आहे. मंगळाला सांगता येत नाही, ती तुमच्यासाठी अजून रडते. तुमच्या भावांना सांगता येत नाही. असलं बोलणं घरात ज्या एका माणसाला न लाजता समजलं असतं, त्या तुम्ही. म्हणून तुम्हालाच सांगते.